वारा न येण्याचे दिवस

मार्चच्या तीन तारखेला सकाळी साडेनऊ वाजता हेमांगी तारीनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि तोच नकाशा तिसऱ्यांदा उघडला. लाल ठिपका होता तिथेच होता. कातळखोलच्या खाडीवर.

कातळाच्या उंच पठारावर, म्हणजे सड्यावर, बांधलेल्या त्या किनारी हवामान केंद्रात तिला अकरा वर्षं झाली होती. दर मार्चला केंद्र दक्षिण कोकणचा वसंतातला हवामान अंदाज काढत असे. आंबा बागायतदार, मच्छीमार सोसायट्या, वीजवाले, सगळे त्याची वाट बघत. पूर्वी असला अंदाज म्हणजे नुसता अदमास असे. पण गेल्या सहा वर्षांत समुद्रात यंत्रमासे सोडले होते. माणसाएवढ्या लांबीची ती यंत्रं महिनोन्‌महिने एकटीच वर-खाली पोहत आणि ऐंशी मीटर खोलीपर्यंत पाणी किती तापलंय ते मोजून कळवत. हवा दोन दिवसांत बदलते. समुद्र मात्र आपली ऊब महिनोन्‌महिने सोडत नाही. ती ऊब नेमकी कळली की सहा आठवड्यांनंतरची हवा पुष्कळशी कळते. केंद्रातला मोठा संगणक मग तोच हंगाम ऐंशी वेळा चालवून बघे, दर वेळी सुरुवातीला थोडासा फरक करून, आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीचा वेगळा हिशेब मांडे.

ऐंशीपैकी अठ्ठावन्न वेळा त्यानं एकच सांगितलं होतं. एप्रिलच्या सोळा, सतरा आणि अठरा तारखेला कातळखोलला समुद्रावरून वारा येणार नाही आणि ओला आकडा चौतिसावर जाईल.

ओला आकडा हा केंद्रातला बोलीतला शब्द. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी उडून जाताना फुगा गार होतो आणि पारा खाली येतो. हवा जितकी दमट, तितकं पाणी कमी उडतं आणि पारा तितका कमी उतरतो. माणसाचं अंगही तसंच ओलं फडकं आहे. घाम उडाला तरच ते निवतं. ओला आकडा बत्तिसाच्या पुढे गेला की सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन बसलेला माणूसही आतून तापत जातो. चौतिसावर म्हातारी माणसं काही तासांत जातात. तरणीही फार काळ टिकत नाहीत.

कातळखोल तिचं माहेर होतं. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी रेवतीताई लग्न होऊन त्याच गावात राहिली होती. आणि सतरा एप्रिलला ताईच्या मुलीचं, ओवीचं, लग्न होतं. पाचशे माणसं, खाडीकाठी मांडव, दुपारी साडेबाराचा मुहूर्त.

हेमांगी नकाशाचा कागद घेऊन प्रभुदेसाई सरांच्या खोलीत गेली. सर केंद्राचे प्रमुख. सावकाश बोलणारा, कामात चोख माणूस. त्यांनी कागद बराच वेळ बघितला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"हा वाडीनिहाय हिशेब प्रायोगिक आहे, हेमांगी. प्रसिद्ध करायचा अधिकार आपल्याला नाही. आपला अंदाज विभागाचा. तीन जिल्ह्यांची सरासरी."

"सरासरीत हे कुठे दिसतंय, सर? सरासरी म्हणतेय, तापमान नेहमीपेक्षा दीड अंशानं जास्त. माणसं म्हणतील, दर वर्षीचंच आहे."

"दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या खाडीत काय झालं ते विसरलीस? तिथल्या केंद्रानं असाच इशारा दिला. नऊ हजार माणसं हलवली. वारा वेळेवर आला. आणि घाटात अडकलेल्या गाड्यांमध्ये तीन माणसं मेली. चौकशी अजून चालू आहे." त्यांनी चष्मा काढला. "घाबरवूनही माणसं मरतात."

"आणि नाही घाबरवली तर?"

सरांनी उलट्या कागदावर एक फाइल ठेवली, तिच्यावर आणखी एक. हा माणूस आपल्याइतकाच घाबरलाय, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यानं तिला धीर आला नाही.

*

त्याच आठवड्यात रविवारी ती कातळखोलला गेली. मनाशी एवढंच ठरवून की ताईला सांगायचं, लग्न वर घाटात, गार हवेच्या आंबोलीला हलवायला लावायचं आणि गप्प बसायचं.

तिन्ही बाजूंनी कातळाचे उंच सडे आणि मधल्या खोलगट जागेत खाडी नि गाव, अशी कातळखोलची बैठक. ताई पडवीत पत्रिकांना हळदकुंकू लावत होती. ओवी शेजारी बसून पाकिटांवर नावं घालत होती. दिगंबरभावोजी जाळं विणत झोपाळ्यावर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी होडी हाकली होती. हेमांगी शाळेत जायच्या आधी त्यांनीच तिला वाऱ्यांची नावं शिकवली होती.

हेमांगीनं सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. रोज दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. तोच आपला खारा वारा. पण यंदा समुद्रच इतका तापलाय की गार हवा आणायची कुठून? त्यात त्या तीन दिवसांत घाटावरून तापलेला वारा खाली उतरेल आणि तिन्ही सड्यांवर झाकणासारखा बसेल. खाडीची वाफ खालीच कोंडेल.

भावोजी हसले. "गो हेमू, चैतात वारो दुपारचो येतलोच. माझ्या जन्मात तो एक दिस चुकाक नाय."

"तुमच्या जन्मात समुद्र इतको कधी तापाक नव्हतो, भावोजी."

भावोजींचं हसू मावळलं. ते उठून अंगणात गेले. ताईनं पत्रिका खाली ठेवली.

"माका नीट सांग. लगीन आंबोलीक करूया म्हणतंस?"

"होय. काय पण कारण सांग. हॉल मिळालो म्हणान सांग."

"म्हणजे आमी वरती जावचा." ताई तिच्याकडे बघत राहिली. "आणि हय रवतले, त्यांचा काय?"

हेमांगीनं पडवीबाहेर बघितलं. शेजारच्या अंगणात कोणीतरी कोकमं वाळत घालत होतं. पलीकडे बंदरावर बर्फाच्या कारखान्याची घरघर चालली होती. सहाशे चाळीस माणसांचं गाव. त्यातल्या बहुतेकांना ती नावानं ओळखत होती, आणि त्यांच्यातून आपली तीन माणसं अलगद उचलून न्यायला ती आली होती.

"सगळ्यांका सांगलंय तर माझी नोकरी जायत, ताई," ती हळूच म्हणाली.

"जायत," ताई म्हणाली. एवढंच.

*

गुढीपाडव्याच्या आधी शाळेच्या पडवीत सभा झाली. हेमांगीनं दोन तापमाप्या नेल्या होत्या. एकीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून तिनं पंखा लावला. पारा झरझर खाली आला. मग तीच तापमापी तिनं काचेच्या हंडीत ठेवली, तळाशी कढत पाणी ओतलं आणि वर झाकण टाकलं. पारा चढत गेला. फडकं ओलं होतं तसंच राहिलं.

"ही हंडी म्हणजे आपलं गाव," ती म्हणाली. "आणि हे फडकं म्हणजे आपण."

मागून एक जण म्हणाला, "त्या उत्तरेकडच्या खाडीतय असाच सांगितल्यानी होता." त्यावर माणसं हसली. पण ते हसणं मोकळं नव्हतं.

तेव्हा इब्राहिम मुकादम उठून उभे राहिले. बर्फाचा कारखाना त्यांचा. सत्तरीचे, बोलायला कमी. "बर्फ साठवायची कोठी मी मोकळी करतो," ते म्हणाले. "बर्फ गोठवायच्या अमोनिया वायूचं काम तिकडे लांब आहे, कोठीला त्याचा धोका नाही. दाटीवाटीनं दोन-अडीचशे माणूस मावेल. बाकीच्यांनी वर नात्यागोत्यात जावं. वारा आला तर वर्षभर हसा माझ्यावर."

तिसऱ्या दिवशी केंद्रातून पत्र आलं. अनधिकृत माहिती पसरवल्याबद्दल हेमांगी निलंबित. सही प्रभुदेसाईंची होती.

नवऱ्या मुलाच्या घरीही ही बातमी पोचली. ओवी फोन कानाला लावून अंगणात उभी होती, ती आत आली आणि मावशीसमोर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तारीख पुढे ढकलूक नाय, मावशे. लगीनच मोडल्यानी. अशा अपशकुनी गावातली सून नको म्हणतत." तिनं फोन खाली ठेवला. "तुझो आकडो चुकलो ना, तर मी तुका जन्मात माफ करूचंय नाय."

त्या दिवसापासून हेमांगी रोज पहाटे उठून यंत्रमाशांचे आकडे बघू लागली. निलंबित माणसालाही ते बघायला बंदी नव्हती. समुद्र तापतच होता. भीती आता पक्की बसली होती. आणि त्या भीतीच्या तळाशी दुसरं काहीतरी हलू लागलं होतं, त्याच्याकडे बघायचं ती टाळत होती.

*

सोळा एप्रिलला सकाळी खाडीच्या पाण्यावर एक सुरकुती नव्हती. कावळे चोची उघड्या टाकून फणसाच्या झाडात बसले होते. दहा वाजेपर्यंत दोनशेवर माणसं कोठीत आली. गावातली चारशेच्या घरात माणसं आधीच वर गेली होती. आत मुकादमांनी भिंतीला लावून बर्फाच्या लाद्या रचल्या होत्या. अर्ध्या अर्ध्या तासानं दार उघडून हवा बदलायची, असं ठरलं होतं. म्हाताऱ्यांना मध्ये बसवलं होतं. बाहेर ओला आकडा तीसवर गेला, मग एकतीस.

एक वाजून दहा मिनिटांनी माडाची झावळी हलली.

आधी एक, मग सगळ्या. खाडीच्या तोंडाकडून वारा आला, चांगला भरभरून आला. कोणीतरी कोठीचं दार सताड उघडलं. पोरं ओरडत बाहेर धावली. माणसं हसू लागली. आता ते हसणं मोकळं होतं. कोणी मुकादमांच्या पाठीवर थाप मारली, कोणी हेमांगीला चेष्टेनं हात जोडून "बाये, धन्य गो तुझी" म्हणालं. भावोजी बंदराच्या धक्क्यावर वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

हेमांगीच्या घामेजल्या मानेवर वारा लागला आणि तिला क्षणभर वाईट वाटलं. आनंद नाही, सुटका नाही. वाईट वाटलं, की वारा आला. आपला आकडा चुकला म्हणून. ते कळल्याबरोबर ती धक्क्याच्या टोकाकडे, माणसांपासून दूर सरकली. सहाशे माणसांवर मरण यावं असं आपल्या आत कुणालातरी वाटत होतं. इतकी भीती तिला नकाशा बघतानाही वाटली नव्हती.

ऐंशीपैकी बावीस वेळा असं होणारच होतं, हे ती कोणाला सांगणार? आणि हेही की हुकलेला एक दिवस म्हणजे हुकलेले तीन दिवस नव्हेत? संध्याकाळपर्यंत माणसं आपापल्या घरी गेली. वर गेलेल्यांपैकी काही परतही आली.

*

सतराला सकाळी सात वाजता ओला आकडा एकतीस होता. उन्हं अजून सड्याच्या मागे होती.

हेमांगी दारोदार गेली. "आजचा दिवस या. फक्त आजचा." कोणी चहा देऊ केला, कोणी दार पुढे केलं. एका घरात माणसं खिडकीतून बघत राहिली. भावोजी पहाटेच होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गेले होते. ताई म्हणाली, "वारो बघूक गेलेत."

नवाच्या सुमाराला भोंगा वाजला.

होडी संकटात असली की होडीवरचा भोंगा वाजे, आणि तो वाजला की गावातलं कोणी घरात थांबत नसे. हा थांबतच नव्हता. माणसं हातातलं टाकून धक्क्याकडे धावली, बायका, पोरं, काठी टेकत म्हातारे. भावोजी होडीत भोंगा दाबून उभे होते. होडी धडधाकट होती. त्यांचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता.

"कोण बुडालो?" माणसं ओरडली.

"कोण नाय," भावोजी म्हणाले. "बाहेर दर्यावर बघून इलंय. आभाळ नि पाणी एक झालाहा, मधली रेघ दिसना नाय. वारो घाटाकडसून तोंडार मारता. चाळीस वर्सांत असो दर्या बघूक नाय मी." त्यांनी श्वास घेतला. "आज वारो येवचो नाय. हेमू सांगता तसा करा. कोठीत चला."

कोणी वाद घातला नाही. दीड महिना ती आकडे सांगत होती, तेव्हा न पटलेली गोष्ट त्या एका वाक्यात पटली. माणसं तशीच, धक्क्यावरून, कोठीकडे वळली.

पण जी अंथरुणावरून उठू शकत नव्हती ती मागेच राहिली होती. भावोजी, ओवी, हेमांगी आणि आणखी आठ-दहा जण खुर्च्या घेऊन निघाले. खुर्चीत बसवायचं नि दोघांनी उचलायचं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. घाम धारांनी गळत होता आणि एक थेंब उडत नव्हता. अंगावर कोणी गरम तेल ओतल्यासारखं वाटत होतं. बोटं सुजली. अकराला मनगटावरच्या, ओला आकडा दाखवणाऱ्या यंत्रात तेहतीस पूर्णांक चार दिसलं, त्यानंतर हेमांगीनं बघणं सोडलं. एका घरात दार उघडलं तर आत म्हातारा-म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, पंखा चालू होता, आणि दोघंही गेली होती. ओवीनं पंखा बंद केला. हेमांगीनं तिचा हात धरला आणि दोघी पुढच्या घराकडे वळल्या.

साडेबाराला वीज गेली. मुकादमांनी जनरेटर चालू केला.

वरच्या वाडीतली आनंदीकाकी तेवढी उरली होती. भावोजी तिला पाठीवर घेऊन पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरले. विहिरीपाशी त्यांनी तिला अगदी हळू, जपून, खाली ठेवलं आणि स्वतः तिच्या शेजारी आडवे झाले. काकी वाचली.

कोठीत ताईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. माणसांनी काखेत, मानेला बर्फ लावला. अंग निवेना. कातडी कोरडी झाली होती, आता घामही येत नव्हता. तीनच्या सुमाराला त्यांनी डोळे उघडले.

"हेमू, आकडो किती?"

तो तेव्हा चौतीस पूर्णांक एक होता आणि चढत होता.

"उतरता, भावोजी," ती म्हणाली. "वारो सुटलो."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. चार वाजता ते गेले. ताई रडली नाही. ती बर्फाचा तुकडा त्यांच्या कपाळावरून फिरवतच राहिली, तो वितळला की दुसरा घ्यायची. कोणी तिला थांबवलं नाही.

अठराचा सगळा दिवस माणसं कोठीत बसून होती. दार उघडलं की बाहेरची हवा ओल्या कांबळ्यासारखी अंगावर पडे आणि पोरं रडत. एकोणीसला दुपारी पावणेदोनला वारा आला. दारावर त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, तरी बराच वेळ कोणी जागचं हललं नाही. शेवटी ताई उठली आणि तिनं दार उघडलं.

कातळखोलमध्ये नऊ माणसं गेली. खाडीच्या वरच्या अंगाला तशाच खोलगट जागेत एक वस्ती होती. तिथे कोणी सांगायला गेलं नव्हतं. तिथे एकशे तेरा गेली.

*

जूनमध्ये हेमांगीला कामावर परत घेतलं. पहिल्याच दिवशी तिच्या टेबलावर हंगामाचा ताळा आला. दर वर्षी अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा ताळा घेऊन केंद्र स्वतःला शेरा देई. दक्षिण कोकणच्या तीन जिल्ह्यांचं सरासरी तापमान नेहमीपेक्षा एक पूर्णांक चार अंशांनी जास्त भरलं होतं. अंदाज दीडचा होता. शेरा होता: उत्तम.

प्रभुदेसाई दारात उभे होते. "मी त्यावर सही केलेली नाही," ते म्हणाले. "करणारही नाही." त्या वरच्या वस्तीचा ठिपकाही नकाशात होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं माहेरचाच ठिपका बघितला होता. त्यांनी कागदच उलटा ठेवला होता.

पुढच्या मार्चमध्ये संगणकानं नवा हंगाम ऐंशी वेळा चालवला. नकाशा उघडला तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले होते. लाल ठिपके एकेचाळीस होते.

प्रभुदेसाईंनी कागद घेतला आणि गावांची नावं लिहायला सुरुवात केली. अर्धी त्यांच्या बाजूला, अर्धी तिच्या. वरून परवानगी आली नव्हती. तिची वाट बघायची असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या माणसानं कपाटातून चालायचे बूट काढले.

हेमांगीबरोबर ओवी आली. गाडी तीच चालवत होती. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि त्याबद्दल ती आता काही बोलत नसे. ताई हेमांगीशी बोलायची, पण मोजकंच. तिच्या घरी आता वाऱ्याचा विषय कोणी काढत नसे.

पहिलं गाव एका छोट्या खाडीच्या काठी होतं. कौलारू घरं, सुपारीच्या बागा, शांत दुपार. हेमांगीनं आयुष्यात तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. पहिल्या घराशी ती थांबली. तिनं दाराची कडी वाजवली.

एक तरुण बाई बाहेर आली. कडेवर मूल होतं, हाताला पीठ लागलेलं.

"मी हवामान केंद्रातून आलेय," हेमांगी म्हणाली. आकडा तिच्या ओठांवर आला होता. तो तिनं गिळला. "तुमच्या घरात माणसं किती? आणि त्यातली स्वतःच्या पायानं चालू शकणारी किती?"